बँकॉकला डोळ्यांची लेसर शस्त्रक्रिया आणि त्यालाच जोडून आठवड्याची सुट्टी: सल्ला हवा आहे

मुगभाटकर

नमस्कार. चष्म्याचा नंबर काढून घ्यावा असे गेली तीन वर्षे मनात आहे आणि यंदा ते तडीस न्यायचे ठरवले आहे. मात्र ते मुंबईत करावे की बँकॉकला जाऊन, यावर घरात एकमत होत नाही, म्हणून इथल्या अनुभवी मंडळींना विचारत आहे.

माझे वय ३३ आहे. पाचवीत असताना चष्मा लागला. सध्या उजव्या डोळ्याचा नंबर उणे ५.२५ असून त्यात पाऊण सिलिंड्रिकल आहे, डाव्याचा उणे ४.७५ आहे, आणि गेल्या दोन वर्षांत त्यात बदल झालेला नाही. ऑफिसला जाताना मी आठ वर्षे सॉफ्ट कॉन्टॅक्ट लेन्स लावते, घरी चष्मा. पावसाळ्यात लेन्स लावलेल्या नसल्या की एसी लोकलमधून चर्नी रोडला उतरताक्षणी काचांवर वाफ धरते आणि पुलाच्या पायऱ्या नीट दिसेपर्यंत कठड्याला धरून उभे राहावे लागते. रात्री मुलगी रडत उठली तर आधी उशीजवळ चष्मा चाचपावा लागतो, मगच तिच्याकडे जाता येते. या दोन गोष्टींचा मला खरोखर कंटाळा आला आहे.

माझी नणंद सहा वर्षांपासून बँकॉकमध्ये सुखुमवित भागात राहते. तिच्या घराजवळच्या एका नेत्र रुग्णालयाने तपासणी, दोन्ही डोळ्यांची शस्त्रक्रिया आणि एक फेरतपासणी असे पॅकेज सांगितले आहे. मुंबईत दोन ठिकाणी चौकशी केली; खर्चात फार मोठा फरक नाही, आणि राहण्या-जेवण्याचा प्रश्न नणंदेमुळे सुटतो. ८ एप्रिलला मुंबईहून निघायचे, ९ ला तपासणी, १० ला शस्त्रक्रिया, ११ ला फेरतपासणी, पुढचे तीन दिवस वाट अरुण हे मंदिर, राजवाडा, चाओ फ्राया नदीतून बोटीचा फेरा, चतुचकचा बाजार, आणि १५ एप्रिलला परत, असा बेत आहे.

बँकॉकचा विचार मुख्यतः विश्रांतीसाठी आहे. आमचे घर दोन खोल्यांचे आणि माणसे सहा. मुंबईत शस्त्रक्रिया झाली तर दुसऱ्या दिवशी मी ओट्याशी उभी असेन. मला कोणी कामाला लावते असे नाही, समोर काम दिसले की माझ्याच्याने बसवत नाही. बँकॉकला निदान आठवडाभर डोळे मिटून पडता येईल असे वाटते.

आणखी दोन गोष्टी सांगून ठेवते. माझ्या आईला काचबिंदू आहे. आणि माझा धाकटा भाऊ, वय २३, नंबर उणे दोन, रेल्वेच्या असिस्टंट लोको पायलटच्या परीक्षेची तयारी करत आहे. त्यालाही सोबत नेऊन त्याचाही नंबर काढून घ्यावा, असे वडिलांचे म्हणणे आहे. हे योग्य ठरेल का?

नेत्रतपासनीस_वडाळा

मुगभाटकरताई, मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे. नेत्रशल्यचिकित्सक नव्हे. परंतु शस्त्रक्रियेपूर्वीची मोजमापे घेण्याचे काम सतरा वर्षे करत आहे आणि तुमच्या बेतातील ‘९ ला तपासणी, १० ला शस्त्रक्रिया’ या ओळीवर मला थोडे सविस्तर लिहावेसे वाटते.

लॅसिक, म्हणजे लेसरने नंबर काढण्याची नेहमीची शस्त्रक्रिया, करता येईल की नाही, हे चष्म्याच्या नंबरावरून ठरत नाही. ते कॉर्नियाच्या, म्हणजे बुबुळासमोरच्या पारदर्शक काचेच्या, जाडीवरून आणि आकारावरून ठरते. लॅसिकमध्ये या काचेचा वरचा पातळ पापुद्रा, साधारण ११० मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), एका बाजूने जोडलेला ठेवून उचलतात आणि खालचा भाग लेसरने घासतात. सहा मिलिमीटर व्यासाचा भाग घासायचा असेल तर एका नंबरामागे साधारण १२ मायक्रॉन जाडी कमी होते, असा ढोबळ हिशेब आहे. तुमच्या उजव्या डोळ्याचा उणे ५.२५ आणि त्यातला पाऊण सिलिंड्रिकल मिळून सहा धरा. म्हणजे ७२ मायक्रॉन. तुमचा कॉर्निया ५१० मायक्रॉन असेल तर ५१० मधून ११० आणि ७२ वजा करून ३२८ उरतात, आणि ते पुरेसे आहे. तोच ४७० असेल तर २८८ उरतात. निदान २५० तरी उरले पाहिजेत असा जुना दंडक आहे, पण पुष्कळ डॉक्टर ३०० च्या खाली जायला राजी नसतात. मग ते पापुद्रा न काढता वरची त्वचेसारखी बाहेरची परत सरकवून थेट पृष्ठभागावर लेसर करण्याचा, म्हणजे पीआरके पद्धतीचा, सल्ला देतात. तीही उत्तम पद्धत आहे, पण तिच्यात डोळ्यावर चार-पाच दिवस संरक्षक लेन्स ठेवावी लागते, पहिले दोन-तीन दिवस बऱ्यापैकी दुखते, उजेड सहन होत नाही, आणि नजर स्पष्ट व्हायला आठवडा किंवा त्याहूनही जास्त लागतो. त्या स्थितीत वाट अरुणच्या उंच पायऱ्या चढणे होणार नाही.

जाडीपेक्षाही मला आकाराची काळजी वाटते. काही जणांचा कॉर्निया हळूहळू पातळ होऊन शंकूसारखा पुढे येतो; त्याला केराटोकोनस म्हणतात. सुरुवातीला त्याचा काहीही त्रास होत नाही, तो फक्त टोपोग्राफीच्या, म्हणजे कॉर्नियाचा आकार मोजणाऱ्या तपासणीच्या, रंगीत नकाशात दिसतो, आणि अशा डोळ्यावर लॅसिक केले तर काच आणखी कमकुवत होऊन नजर कायमची बिघडू शकते. सतत डोळे चोळण्याची सवय आणि हा विकार यांचा संबंध आहे. तुम्ही डोळे चोळता का, हे लिहिलेले नाही. चोळत असाल तर ते आजपासून थांबवा.

हा नकाशा विश्वासार्ह यायचा तर त्यापूर्वी कॉन्टॅक्ट लेन्स बंद असाव्या लागतात, कारण लेन्स कॉर्नियाचा आकार तात्पुरता दाबून बदलते. सॉफ्ट लेन्स निदान दोन आठवडे, कडक लेन्स असतील तर तीन ते चार. म्हणजे ९ एप्रिलच्या तपासणीसाठी तुम्हाला २६ मार्चपासून चष्म्यावर यावे लागेल. हे तुम्हाला तिकडून कोणी सांगितले आहे का?

आणि एक गोष्ट मी फार वेळा पाहिली आहे. बाहेरगावाहून तिकीट काढून, रजा टाकून आलेल्या माणसाला ‘तुमच्या डोळ्यांना हे करता येणार नाही’ असे ऐकणे फार जड जाते. तो विचारतो, काहीच मार्ग नाही का, इतक्या लांबून आलो आहे. समोरच्या माणसालाही ‘नाही’ म्हणणे सोपे राहत नाही. कोलकात्याहून आलेला एक मुलगा माझ्यासमोर खुर्चीत बसून नकाशाच्या कागदाकडे पाहत राहिला होता आणि त्याचे वडील परतीचे तिकीट कधीचे आहे हे मला पुन्हा पुन्हा सांगत होते. म्हणून माझे कळकळीचे सांगणे इतकेच, की विमानाचे तिकीट काढण्याआधी मुंबईतच, जिथे शस्त्रक्रिया करायची नाही अशा ठिकाणी, पैसे भरून पूर्ण तपासणी करून घ्या. बँकॉकला जायचे की नाही हा निर्णय तो कागद हाती आल्यानंतरचा आहे.

भावाचे उत्तर दुसरे कोणी नेमके देईल. मला कल्पना आहे, पण भरतीचे नियम माझ्या कामाच्या कक्षेत येत नाहीत.

माहीमकर

मी हे बँकॉकलाच केले आहे, २०१९ मध्ये, आणि तेही एप्रिलमध्ये, त्यामुळे तुमच्या तारखा वाचून लगेच लिहायला बसलो.

ताई, १३ ते १५ एप्रिल हा थायलंडमधला सोंगक्रान आहे, म्हणजे आपल्याच संक्रांती शब्दावरून आलेला त्यांचा नववर्षाचा सण. तो पाण्याचा सण आहे. रस्त्यातून चालणाऱ्या कोणावरही बादलीने, पाइपने, मुलांच्या पिचकाऱ्यांनी पाणी उडवतात आणि पांढऱ्या खडूच्या पुडीचा ओला लेप गालांना फासतात. ती त्यांची शुभेच्छा देण्याची रीत आहे, २०२३ मध्ये युनेस्कोने तिला वारशाच्या यादीत घेतले आहे, आणि नुसती पाहायलाही ती सुंदर आहे. पण तुम्ही १० ला शस्त्रक्रिया करून घेणार, आणि तिसऱ्याच दिवशी सारे शहर पाणी घेऊन रस्त्यावर उतरणार. शिवाय त्या दिवसांत अनेक दवाखान्यांत फक्त तातडीची सेवा चालू असते.

माझा अनुभव असा. कंपनीच्या कामासाठी दोन आठवडे तिकडे होतो. शेवटच्या आठवड्यात ९ एप्रिलला लॅसिक करून घेतले. शस्त्रक्रियेबद्दल माझी कोणतीही तक्रार नाही. डोळ्यांत बधिर करणारे थेंब घातले, पापण्या तारेच्या चिमट्याने उघड्या ठेवल्या, डोळ्यावर एक कडे दाबून बसवले, त्या दाबाने काही सेकंद सगळे अंधारले. पुढे पापुद्रा उचलल्यावर दिवा पाण्याखालून पाहावा तसा पसरट दिसू लागला, मग टकटक असा आवाज आणि केस जळाल्यासारखा वास. दोन्ही डोळे मिळून पंधरा मिनिटे. संध्याकाळी खिडकीतून समोरच्या इमारतीवरची पाटी वाचली आणि मला रडू आले, हे लिहायला मला संकोच वाटत नाही.

चूक पुढे झाली, आणि ती माझी होती. १२ तारखेला बरे वाटत होते म्हणून सेन सेप कालव्याच्या बोटीत बसलो. त्या बोटींना दोन्ही बाजूंना ताडपत्रीचे पडदे असतात आणि समोरून दुसरी बोट आली की प्रवासी दोरी ओढून ते वर घेतात. माझ्या शेजारच्या आजींनी दोरी ओढली, मला ते कळायला उशीर झाला, आणि कालव्याचे काळसर पाणी तोंडावर आले. रात्रीपर्यंत उजवा डोळा लाल झाला आणि उजेड टोचू लागला. १३ ला सोंगक्रान. दवाखान्याच्या नंबरवर फोन केला तर ध्वनिमुद्रित निरोप ऐकू येत होता. १४ ला विमानात बसलो. विमानातली हवा अतिशय कोरडी असते, त्यात चार तास डोळा उघडवत नव्हता.

मुंबईत दुसऱ्या दिवशी दादरच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी पापुद्र्याखाली दाह असल्याचे निदान केले, स्टेरॉइडचे थेंब दर तासाला घालायला सांगितले, आणि दहा-बारा दिवसांत तो उतरला. हा दाह त्या पाण्यामुळेच झाला असे म्हणता येणार नाही, पाणी न जाताही पहिल्या काही दिवसांत असा दाह होतो, हेही त्यांनी सांगितले. पण त्यांनी पहिल्याच मिनिटाला मला विचारले, की पापुद्रा किती जाडीचा कापला, कोणत्या यंत्राने कापला, आधीचा नकाशा कुठे आहे. माझ्याकडे थेंबांची नावे आणि तारीख एवढाच एक कागद होता. मी तिकडे ईमेल पाठवली, उत्तर सण संपल्यावर पाचव्या दिवशी आले. ते पाच दिवस, ज्या माणसाने माझा डोळा कापला तो एका देशात आणि ज्याला तो सांभाळायचा तो दुसऱ्या देशात, हा विचार माझ्या मनातून गेला नाही.

तुम्हाला जायचेच असेल तर एप्रिल टाळा, शहर आधी पाहा आणि शस्त्रक्रिया शेवटी ठेवा, पण मग पुढे निदान दहा दिवस तिकडे थांबण्याची तयारी ठेवा.

पार्ले_पूर्व_निवृत्त

विमा कंपनीत तीस वर्षे काढली आहेत, त्यामुळे तेवढ्यापुरते लिहितो. आपल्याकडील आरोग्यविम्यात विमा नियामकाने ठरवून दिलेल्या अपवादांमध्ये ७.५ पेक्षा कमी नंबरासाठीच्या दृष्टिदोषाच्या उपचाराचा खर्च वगळता येतो, आणि बहुतेक सर्व पॉलिसींमध्ये तो वगळलेलाच असतो. तुमचा नंबर त्याखाली आहे, तेव्हा मुंबईत केले तरी खर्च स्वतःच करायचा हे गृहीत धरा. प्रवासविम्याबाबत अधिक सावध राहा. उपचारासाठीच केलेला प्रवास आणि त्या उपचारातून उद्भवलेला त्रास हे सर्वसाधारणपणे प्रवासविम्यात बसत नाही. माहीमकरांसारखी वेळ आली आणि राहण्याचे दिवस वाढले, तिकीट बदलावे लागले, तर तो खर्चही खिशातूनच होईल. पॉलिसीच्या कागदातले अपवादांचे पान एजंटाकडून मागवून, खाली बसून, पूर्ण वाचा.

भावाबद्दल: वडिलांना कृपया आजच सांगा. असिस्टंट लोको पायलटच्या भरतीच्या अधिसूचनेतच लिहिलेले असते की लॅसिक किंवा नंबर घालवण्याची दुसरी कोणतीही शस्त्रक्रिया झालेला उमेदवार या पदासाठी पात्र नाही. या पदाला चष्म्याशिवाय दोन्ही डोळ्यांनी ६/६ दिसावे लागते, त्यामुळे उणे दोन नंबर असताना त्याला चष्म्यासहही ही जागा मिळणार नाही, आणि शस्त्रक्रिया करूनही नाही. मुलाने तयारीत वर्ष घातले असेल तर हे वाचून वाईट वाटेल, याची मला जाणीव आहे. रेल्वेत इतर वैद्यकीय श्रेणींची पदे आहेत ज्यांत चष्मा चालतो. त्याने मूळ अधिसूचना स्वतः वाचून त्यांतले एखादे पद धरावे, अभ्यास वाया जाणार नाही.

दादर_ते_दोहा

मी उलट दिशेचा प्रवासी आहे, म्हणून थोडे वेगळे मांडतो. मी दोह्यात नोकरी करतो आणि हे काम मुद्दाम मुंबईत येऊन करून घेतले. दुसऱ्या देशात जाऊन शस्त्रक्रिया करणे हेच मुळात चूक आहे असे मला वाटत नाही; चूक असते ती दिवसांच्या हिशेबात. माझी तीस दिवसांची रजा होती. लेन्स दोह्यातच बंद केल्या होत्या. आल्यावर दुसऱ्या दिवशी तपासणी, तीन दिवस विचार करायला, मग शस्त्रक्रिया, आणि त्यानंतर दुसऱ्या दिवशीची, आठवड्याची आणि तिसऱ्या आठवड्याची अशा तिन्ही फेरतपासण्या ज्यांनी शस्त्रक्रिया केली त्यांच्याकडेच झाल्या. अमेरिकेचे औषध प्रशासन रुग्णांना सांगते की पहिली भेट २४ ते ४८ तासांत आणि पुढच्या भेटी निदान सहा महिने नियमित व्हाव्यात. त्या पुढच्या भेटी मी दोह्यात केल्या, पण पूर्ण फाइल हातात घेऊन.

सुट्टीही झाली, मात्र मुंबईची. भाद्रपद होता. गणपतीच्या आरतीला बसलो, पण विसर्जनाला खाली उतरलो नाही, कारण गुलाल. दुसऱ्या मजल्याच्या गच्चीवरून मिरवणूक पाहिली. वस्तुसंग्रहालयात दोन सकाळी काढल्या, सूर्य कलल्यावर काळा चष्मा लावून वरळीच्या समुद्रकिनारी बसलो. पोहणे महिनाभर बंद, जुहूच्या वाळूत जाणे बंद. रात्री झोपेत हात डोळ्यावर जाऊ नये म्हणून आठवडाभर पारदर्शक झाकणे चिकटपट्टीने लावून झोपत होतो आणि आई दर रात्री ती चिकटपट्टी ओढून तपासत असे. ताईंचा विश्रांतीचा मुद्दा मला पूर्णपणे पटतो, पण ती मुंबईतही मिळवता येईल का, हे एकदा घरात उघड बोलून पाहा.

नेत्रतपासनीस_वडाळा

माहीमकरांनी केस जळाल्यासारख्या वासाचा उल्लेख केला आहे, त्यामुळे वाचणारे घाबरू नयेत म्हणून लिहितो. तिथे काही जळत नाही. हा एक्सायमर लेसर १९३ नॅनोमीटर तरंगलांबीचा, डोळ्यांना न दिसणारा अतिनील प्रकाश आहे. तो ऊतींमधले रेणूंचे बंध थेट तोडतो आणि शेजारच्या भागाला उष्णता जवळजवळ पोहोचत नाही. वास येतो तो त्या सुट्या झालेल्या कणांचा. १९८१ साली आयबीएमच्या प्रयोगशाळेत ज्या तिघांनी हा गुण हेरला, त्यांतले रंगस्वामी श्रीनिवासन हे मद्रासमध्ये जन्मलेले रसायनशास्त्रज्ञ. त्यांनी पहिला प्रयोग सणाच्या जेवणातून उरलेल्या टर्की पक्ष्यावर केला होता. आपल्याकडे ही माहिती फारशी सांगितली जात नाही, आणि मला तिचा अभिमान वाटतो.

‘स्माइल’ या नंबर काढण्याच्या दुसऱ्या लेसर पद्धतीबद्दल मला दोघांनी खाजगी निरोपातून विचारले. त्यात पापुद्रा उचलत नाहीत. लेसरने कॉर्नियाच्या आतच एक पातळ चकती तयार करून ती दोन ते चार मिलिमीटरच्या छेदातून काढतात. पापुद्रा सरकण्याची भीती नाही, कोरडेपणाही सहसा कमी. पण जाडी त्यातही कमी होतेच, तेव्हा मी वर लिहिलेली वजाबाकी तिथेही करावीच लागते.

मुगभाटकर

सर्वांचे मनापासून आभार. तीन आठवड्यांनी लिहीत आहे, कारण मधले दोन आठवडे लेन्स बंद ठेवून तपासणीची वाट पाहत होते.

तपासणी मुंबईतच, शस्त्रक्रियेशी संबंध नसलेल्या ठिकाणी केली. उजवा कॉर्निया ५०२ आणि डावा ५०५ मायक्रॉन आला. वडाळ्याच्या दादांच्या रीतीने मी वहीत वजाबाकी केली, उजव्याचे ३२० उरतात. नकाशा दोन्ही डोळ्यांचा व्यवस्थित आहे. पण डॉक्टरांनी पापणी उलटी करून पाहिली आणि ॲलर्जी असल्याचे सांगितले. डोळ्यांत कोरडेपणाही आहे. मी डोळे चोळते, हे मी पहिल्या वेळी लिहिले नव्हते, कारण ते मला सांगण्यासारखे वाटलेच नव्हते. संध्याकाळी लेन्स काढल्या की बाथरूममध्ये उभी राहून मी दोन्ही तळव्यांनी चांगले मिनिटभर डोळे चोळायची. आता तीन महिने थेंब, चोळणे पूर्ण बंद, आणि मग पुन्हा नकाशा, असे ठरले आहे. तोवर शस्त्रक्रिया नाही. ९ एप्रिलला मी बँकॉकच्या खुर्चीत बसले असते तर हे सगळे एका दिवसात कसे उरकले असते, याचा विचार करवत नाही.

भावाशी वडील स्वतः बोलले. दोन दिवस घरात कोणी फारसे बोलले नाही. आता त्याने दुसऱ्या पदाची अधिसूचना छापून भिंतीला लावली आहे.

नणंदेला फोनवर सर्व सांगितले तेव्हा तिने स्वतःहून सुचवले की ती जुलैत महिनाभर मुंबईत येणार आहे, तोवर नकाशा चांगला आला तर शस्त्रक्रिया तेव्हा मुंबईतच कर, स्वयंपाकघर मी बघते, तू आतल्या खोलीत पड. सासूबाईंनीही त्याला होकार दिला. बँकॉक पुढच्या वर्षी पाहू. आता दोन शंका राहिल्या आहेत: जुलैत, भर पावसात, हे करावे का? आणि आईच्या काचबिंदूमुळे मला काही वेगळे विचारायला हवे का?

नेत्रतपासनीस_वडाळा

पावसाने स्वतःहून काही बिघडत नाही, पण जुलै-ऑगस्टमध्ये मुंबईत डोळे येण्याची साथ पसरते आणि ती शाळेतून घरी येते. तुमच्या घरी सहा माणसे आणि शाळेत जाणारी मुलगी आहे. ठरलेल्या तारखेच्या आधीच्या आठवड्यात घरात कोणाचेही डोळे आले, तर डॉक्टरांना फोन करून तारीख पुढे ढकला; नणंदेचा महिना असल्यामुळे तुमच्याकडे तेवढी सवड आहे. शस्त्रक्रियेनंतर तुमचा टॉवेल, उशीचा अभ्रा आणि थेंबांच्या बाटल्या वेगळ्या ठेवा. दोन आठवडे भांडी, केर, फोडणीचा धूर यांपासून लांब राहा, आणि डोक्यावरून अंघोळ करताना मान मागे टाकून दुसऱ्या कोणाकडून केस धुऊन घ्या. लोकलच्या दारात उभे राहणे महिनाभर नको. डबक्यातले पाणी आणि रुळांची धूळ दोन्ही तिथेच उडतात.

काचबिंदूचा प्रश्न तुम्ही विचारलात हे फार बरे झाले. लेसरने कॉर्निया पातळ झाला की डोळ्यातला दाब मोजणाऱ्या यंत्रावर आकडा खऱ्यापेक्षा कमी येतो. आई काचबिंदूची रुग्ण असल्याने तुम्हाला हा दाब पुढे आयुष्यभर तपासावा लागणार आहे, आणि वीस वर्षांनी एखाद्या डॉक्टरांना तुमचा आकडा चांगला वाटेल, तो तसा नसतानाही. म्हणून शस्त्रक्रियेपूर्वी दाब मोजून घ्या, डोळ्याच्या नसेचा फोटो आणि स्कॅन करून घ्या, आणि हे सर्व डॉक्टरांना आधीच सांगा, कारण शस्त्रक्रियेनंतर जे स्टेरॉइडचे थेंब देतात त्यांनीही काही जणांचा दाब वाढतो आणि तुमच्यासारख्यांवर अधिक लक्ष ठेवावे लागते.

आणि एक जाड पुठ्ठ्याची फाइल करा. तिच्यात आजचा चष्म्याचा नंबर, ५०२ आणि ५०५ हे आकडे, कॉर्नियाच्या गोलाईची मोजमापे, रंगीत नकाशाची मूळ प्रत आणि दाबाचा आकडा ठेवा. शस्त्रक्रिया झाली की किती मायक्रॉन घासले आणि पापुद्रा किती जाडीचा होता, हे लेखी मागून त्यात लावा. पुढे साठीत मोतीबिंदूची शस्त्रक्रिया होईल तेव्हा आत बसवायच्या लेन्सचा नंबर काढताना डॉक्टर हीच मोजमापे मागतील. रंगीत कागदांची शाई दमट हवेत काही वर्षांत उडते, तेव्हा प्रत्येक पानाचा फोटो काढून तो नवऱ्याच्या आणि भावाच्या फोनवरही पाठवून ठेवा.